बँकेतला चेक, शर्टाचे चेक्स आणि बुद्धिबळातला शह

सागरगोटा

परवा भाचीला बुद्धिबळ शिकवायला बसलो होतो. वय वर्षं आठ. मी वजीर सरकवला आणि म्हटलं, "शह." ती म्हणाली, "मामा, शह नाही, चेक. आम्हाला क्लासमध्ये चेक शिकवलंय." मी म्हटलं, अगं दोन्ही एकच. त्यावर लगेच तिचा प्रश्न, "मग बाबा बँकेत टाकतात तो चेक? त्यातपण राजा असतो का?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. रात्री शब्दाचा माग काढत बसलो आणि कळलं की हो, असतो. बँकेच्या चेकमध्ये राजा असतो, चेक्सच्या शर्टात असतो, आणि आपण "जरा चेक करून सांग" म्हणतो तेव्हाही तोच असतो. हा राजा म्हणजे फारसीतला शाह.

'शह' हे 'चेक'चं भाषांतर असावं असं मला आजवर वाटत होतं. तसं नाही. तो एकच शब्द आहे, दोन वाटांनी आपल्याकडे आलेला.

चतुरंग हा खेळ आपल्याकडचा. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही सेनेची चार अंगं. सासानी राजघराण्याच्या काळात तो इराणात गेला, तिथे त्याचं 'चतरंग' झालं, आणि अरबांच्या तोंडी 'शतरंज', कारण अरबीत च नाही आणि आपला ग नाही. राजावर हल्ला केला की इराणी खेळाडू "शाह!" असं बजावायचा. म्हणजे बाबा रे, तुझा राजा सांभाळ. तीच हाक मराठीत 'शह' होऊन राहिली.

पश्चिमेला गेलेली वाट लांबची आहे. अरबांबरोबर खेळ स्पेन आणि इटलीत पोचला. लॅटिनमध्ये 'शाह'चा 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक'. इंग्रजांनी त्याचं पुढचं टोक तोडलं आणि चौदाव्या शतकात त्यांच्याकडे 'चेक' दिसू लागला. याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून 'चेस' आला. म्हणजे इंग्रजीत खेळाचं नाव आणि त्यातली हाक हे एकाच शब्दाचं अनेकवचन आणि एकवचन. खेळाचं नाव शब्दशः 'पुष्कळ शाह'!

आता अर्थाचं बघा. मला यातच सर्वांत जास्त आनंद झाला. शह बसला की खेळाडूला हातातलं सगळं सोडावं लागतं. तुमचा हल्ला कितीही रंगात आलेला असो, आधी राजा वाचवा. त्यामुळे पटाबाहेर या शब्दाला पहिला अर्थ आला तो अचानक बसलेल्या अडथळ्याचा. त्यातून रोखणे, आवर घालणे. मग आवर घालण्याचं साधन, म्हणजे नियंत्रण. नियंत्रण ठेवायचं तर एक गोष्ट दुसरीशी ताडून बघावी लागते, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस पडताळून पाहणे. आपण दिवसातून वीस वेळा वापरतो तो 'चेक कर' हा घरातला सर्वांत धाकटा अर्थ. थोरला अर्थ 'थांब'.

बँकेच्या चेकची गोष्ट मोठी आहे, ती सवडीने वेगळ्या प्रतिसादात लिहितो. तोवर कुणाकडे भर घालण्यासारखं असेल तर जरूर लिहा.

केतकी

फार आवडलं. म्हणजे 'चेकमेट' आणि 'शहमात' हेही एकच ना? 'शाह मात' म्हणजे राजा मेला असं मी कुठेतरी वाचलं होतं.

उंटतिरका

केतकीताई, शब्द एकच, पण 'राजा मेला' हा अर्थ मला पटत नाही, आणि मी तीसेक वर्षं मुलांना हा खेळ शिकवतोय म्हणून जरा आग्रहाने लिहितो. बुद्धिबळात राजा मरत नाही. बाकी सगळी मोहरी मारून पटाबाहेर ठेवतात, राजाला कुणी हात लावत नाही. तो हलू शकत नाही अशी स्थिती आली की डाव संपतो. फारसीत 'मात' म्हणजे हतबल, काय करावं ते न सुचून थिजलेला. 'शाह मात' म्हणजे राजा निरुपाय झाला. अरबीत 'माता' म्हणजे 'मेला' असं क्रियापद आहे, दोन्ही सारखी ऐकू येतात, म्हणून राजाच्या मृत्यूची कथा रूढ झाली.

मराठीने अर्थ नेमका धरलाय. 'संकटावर मात केली' म्हणतो तेव्हा आपण संकटाला मारत नाही, त्याला निरुपाय करतो.

आणखी एक. जर्मन 'शाखमाट', स्पॅनिश 'हाके माते', फ्रेंच 'एशेक ए मात' ही सगळी त्याच दोन फारसी शब्दांची रूपं. रशियन लोकांनी तर अख्ख्या खेळाचंच नाव 'शाखमाती' ठेवलं.

पाटीपेन्सिल

खेळामागचा राजा मराठीत आणखी कुठे आहे? माझ्या डोक्यात भराभर आले ते शब्द: शहेनशहा, बादशहा, शहामृग, शहाणा, शाहीर, शहर. यातले कुठले खरे नातलग?

शब्दवेडी

पाटीपेन्सिल, यादी छान आहे, कारण त्यात घरचे आणि परके दोन्ही मिसळलेत.

शहाणा परका. तो संस्कृत 'सज्ञान'पासून प्राकृतातून आला, अस्सल इथला. शाहीरही परका. तो अरबी 'शायर', म्हणजे कवी. शहामृग सर्वांत फसवा. फारसीत या पक्ष्याला 'शुतुरमुर्ग' म्हणतात. शुतुर म्हणजे उंट, मुर्ग म्हणजे पक्षी. लांब मान आणि लांब पाय, म्हणून उंटपक्षी. आपल्या लोकांच्या कानाला ते ओळखीचं वाटेना, तेव्हा त्यांनी त्यात ओळखीचे दोन शब्द बसवले, शहा आणि मृग. त्या पक्ष्यात राजाही नाही आणि हरीणही नाही.

शहेनशहा घरचा. आणि इथून पुढे जी गोष्ट सुरू होते ती मला अतिशय प्रिय आहे, म्हणून जरा लांबण लावते.

'शाह'चं जुनं इराणी रूप 'ख्शायथिय'. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर पहिल्या दारियसने इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास मोठा लेख कोरून घेतला, त्यात तो स्वतःला 'ख्शायथिय ख्शायथियानाम' म्हणवतो, राजांचा राजा. शेवटचा '-आनाम' बघा. 'देवानाम्', 'नराणाम्' मधला षष्ठीचा प्रत्ययच तो! हेच पुढे 'शाहानशाह', शहेनशहा.

'ख्शाय' हा धातू म्हणजे सत्ता चालवणे. संस्कृतात तो 'क्षय्' आहे. नाश होणारा क्षय वेगळा, हा राज्य करण्याचा. ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या बत्तिसाव्या सूक्तात इंद्राबद्दल 'सेदु राजा क्षयति चर्षणीनाम्' असं येतं, तोच राजा माणसांवर सत्ता चालवतो. याच धातूपासून क्षत्र, आणि क्षत्रापासून क्षत्रिय. इराणी बाजूला क्षत्राचं 'ख्शथ्र', म्हणजे राज्य, मुलूख. मुलूख आकसत आकसत नगर झाला, आणि तो शब्द आपण रोज उच्चारतो: शहर.

म्हणजे 'शहर' आणि 'शह' चुलत भावंडं आहेत, आणि 'क्षत्रिय' त्यांचा दूरचा नातलग.

शेवटचं एक. ख्शथ्राचं रक्षण करणारा प्रांताधिकारी तो 'क्षत्रप'. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. त्यांत हा शब्द कोरलेला मी स्वतः डोळ्यांनी पाहिलाय. त्या भिंतीसमोर उभी होते तेव्हा हे माहीत असतं तर आणखी वेळ थांबले असते.

केतकी

शब्दवेडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पुढच्या महिन्यात नाशिकला जायचंय, आता पांडवलेणी नक्की.

सागरगोटा

शब्दवेडी, 'शहर' माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मनापासून आभार.

आता कबूल केलेली बँकेची गोष्ट. तिची सुरुवात एका टेबलापासून होते.

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्री राजाच्या काळात, इंग्लंडमध्ये सरकारी जमाखर्चाची एक कचेरी उभी राहिली. प्रत्येक परगण्याचा शेरीफ, म्हणजे तिथला राजाचा अधिकारी, वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमसला (सप्टेंबरअखेरचा ख्रिस्ती सण), तिथे हिशेब द्यायला यायचा. (मुंबईच्या नगरपालांना इंग्रजीत शेरीफ म्हणतात, ते पद याच परंपरेतलं.) त्या कचेरीत एक टेबल होतं, दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंचीची पट्टी. वर काळं कापड अंथरलेलं आणि त्यावर वीत वीत अंतरावर रेघा. दिसायला अगदी बुद्धिबळाचा पट. लॅटिनमध्ये पटाला 'स्काकारियुम' म्हणत, म्हणून कचेरीचंही तेच नाव पडलं. नॉर्मन फ्रेंचमध्ये 'एस्चेकर'. पुढे विद्वानांना वाटलं की सुरुवातीचा 'एस' हा लॅटिन 'एक्स'चा अपभ्रंश असणार, त्यांनी तो सुधारला, आणि झालं 'एक्स्चेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतो. म्हणजे, मुळात जाऊन पाहिलं तर, बुद्धिबळाच्या पटाचा मंत्री.

हे सगळं इतक्या तपशिलात कळतं, कारण तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकाच्या अखेरीस या कचेरीवर गुरुशिष्य संवादाच्या रूपात एक पुस्तक लिहिलं. शिष्य विचारतो, या जागेला पटाचं नाव का? गुरू सांगतो, दिसतं पटासारखं म्हणून. आणि आणखी एक कारण देतो: जसं पटावर दोन राजांच्या सैन्यांत, तसं या टेबलावर खजिनदार आणि शेरीफ यांच्यात युद्ध होतं. बाकीचे बसून बघतात.

त्या रेघा कशाला? तेव्हा तिथे आकडे रोमन होते. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी किती जिकिरीची, ते करून बघा. म्हणून उभे रकाने पाडलेले: पेन्स, शिलिंग, पौंड, मग वीस पौंड, शंभर, हजार. शेरीफकडून येणं असलेली रक्कम सोंगट्यांनी वरच्या बाजूला मांडायची, त्याने भरलेली खाली, आणि सर्वांदेखत एकातून एक वजा करत जायची. अक्षरओळख नसलेल्या शेरीफलाही आपली बाकी डोळ्यांनी दिसायची.

मला यात एक गोष्ट फार लागून राहिली. खेळही भारतातून गेलेला आणि स्थानमानाचे आकडेही भारतातलेच. पटाचं नाव बाराव्या शतकात लंडनच्या खजिन्यापर्यंत पोचलं होतं. पण शून्य अजून त्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं. तिथला रिकामा रकाना म्हणजेच त्यांचं शून्य होतं, फक्त त्याला चिन्ह नव्हतं.

याच पटावरून चौकड्यांच्या कापडाला 'चेकर' म्हणू लागले आणि त्याचं आखूड रूप 'चेक'. माझ्या चेक्सच्या शर्टात राजा असा आला.

हिशेबनीस

बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे पुढचा दुवा मी जोडतो.

त्याच एक्स्चेकरमध्ये पैसे भरल्याची पावती लाकडाची असे. हेझल झाडाची काठी घ्यायची, रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याच्या रुंदीची, विसाला करंगळीच्या, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. दोन्ही भागांवर खाचा सारख्या. एक भाग ज्याने पैसे दिले त्याच्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. पुढे वाद झाला तर दोन तुकडे जुळवून बघायचे. खोटं करायला वावच नाही. एका तुकड्याला 'स्टॉक' म्हणत, दुसऱ्याला 'फॉइल'. चेकबुकात आपल्याकडे उरतो त्या भागाला आपण 'काउंटरफॉइल' म्हणतो, त्यातला फॉइल हा.

(या काठ्यांचा शेवट वाईट झाला. पद्धत १८२६मध्ये बंद पडली आणि १८३४च्या ऑक्टोबरमध्ये साठलेल्या काठ्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला काढल्या. आग वाढली आणि जुनं पार्लमेंट जळून गेलं.)

आता चेक. सतराव्या शतकात लंडनमध्ये सावकाराच्या नावे चिठ्ठी लिहून पैसे द्यायला सांगण्याची पद्धत होती. १६५९ सालची ४०० पौंडांची अशी एक चिठ्ठी जपून ठेवलेली आहे. पण तिला चेक म्हणत नसत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' हा शब्द बँकेत आला तो चिठ्ठीसाठी नाही, तिच्या अर्धुकासाठी. खोट्या चिठ्ठीला आळा घालणारं, ताडून बघायचं अर्धुक म्हणजे चेक. सागरगोटा यांनी वर लिहिलेले 'रोखणे' आणि 'पडताळणे' हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र आहेत. मग हळूहळू अर्धुकाचं नाव मुख्य कागदाला चिकटलं. ब्रिटनमध्ये पुढे त्याचं स्पेलिंग एक्स्चेकरच्या वळणावर गेलं, क्यू-यू घालून. अमेरिकेने जुनंच ठेवलं. आपल्या १८८१च्या परक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्यात ब्रिटिश वळण आहे, म्हणून आपल्या चेकबुकावरही तेच.

आमच्या काउंटरवर मात्र कुणी 'अनादरित' वगैरे म्हणत नसे. चेक 'वटला' किंवा 'वटला नाही'. हे क्रियापद चेकच्या आधीचं आहे, हुंडीचं, म्हणजे जुन्या पेढ्यांवरच्या पैसे देण्याच्या चिठ्ठीचं. कागद परदेशी आला, पण त्याला क्रियापद आपण घरचं दिलं, याचा मला अभिमान वाटायचा. 'धनादेश' चांगला शब्द आहे, छापील पावत्यांवर शोभतो, पण धनादेश 'वटतो' असं ऐकलं की कानाला थोडं अडखळतं.

पाटीपेन्सिल

हुंडीवरून आठवलं. 'शहाजोग हुंडी' असा प्रकार होता ना? त्यात परत शहा! आणि गुजराती शहा आडनाव?

हिशेबनीस

होता. शहाजोग हुंडीचे पैसे पेढीवर कुणालाही मिळत नसत, बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित माणसालाच मिळत. पण तो शहा म्हणजे राजा नव्हे. 'साधू'पासून साहू, साह, म्हणजे सचोटीचा व्यापारी. 'साव' आणि 'सावकार' त्याच कुळातले. गुजराती शहा आडनावही या साहूकडचं. आज मराठीत 'शहाजोगपणा' म्हणजे सभ्यतेचा आव आणणं. शब्द किती खाली घसरला बघा. एके काळी त्या शब्दावर लोक हजारो रुपये सोडत होते.

थोडक्यात, एका कागदावर दोन शहा: चेकमध्ये फारसी राजा, हुंडीत देशी साहू. दोघांचं रक्ताचं नातं नाही.

मुलुंडची_मीरा

आमच्या चेकनाक्यातही हाच चेक आहे म्हणून लिहिते. माझं लहानपण मुलुंड चेकनाक्यापासून दहा मिनिटांवर गेलं. तिथे ट्रकांची ही रांग. जकात भरल्याशिवाय मुंबईत माल येत नसे. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली, ती रांगही गेली, पण बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्याच्या तोंडी नाव तेच.

मला सागरगोटांचं 'थोरला अर्थ थांब' हे वाचून नाका डोळ्यांसमोर उभा राहिला. तिथे ट्रक आधी थांबायचा, मग कागद तपासायचे. शब्दाच्या इतिहासात ज्या क्रमाने अर्थ आले, त्याच क्रमाने.

दूरदेशी

गेली अठरा वर्षं अमेरिकेत आहे. इथे या शब्दाने सुरुवातीला मला फार गोंधळात टाकलं. हॉटेलात जेवण झाल्यावर बिल मागायचं तर 'चेक' मागायचा. मुलाच्या वहीत बरोबर उत्तरापुढे बाई जी खूण करतात तीही चेक. कोट काढून ठेवला की त्याचा बिल्ला तो कोट-चेक. पावसाने बेसबॉलचा सामना बंद पडला तर पुढच्या सामन्यासाठी मिळणारा तिकिटाचा तुकडा रेन-चेक, आणि त्यावरून जेवणाचं आमंत्रण पुढे ढकलायलाही 'रेन-चेक'.

हिशेबनीसकाकांचा प्रतिसाद वाचेपर्यंत मला यात सूत्र दिसत नव्हतं. आता दिसतं. बिल्ला, तिकिटाचा तुकडा, हॉटेलची चिठ्ठी, सगळी त्या चिरलेल्या काठीची नातवंडं. एक तुकडा तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे, जुळवून बघायला.

निळासावळा

मी पोर्तुगालमध्ये राहतो. इथे खेळाला 'शाद्रेश' म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये 'आहेद्रेथ'. इतर युरोपने खेळाला राजाचं नाव दिलं, पण या दोन भाषांनी अरबी 'अश-शतरंज' सबंध उचललं. म्हणजे ते मूळचं आपलं 'चतुरंग'च आहे! आणि चौकड्यांच्या कापडालाही पोर्तुगीजमध्ये 'शाद्रेश'च. शब्द निराळा, पण वाट तीच: पटावरून कापडावर.

चेक प्रजासत्ताकाचा मात्र या चेकशी काही संबंध नाही, कुणी विचारायच्या आत लिहून टाकतो. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, दंतकथेतल्या 'चेख' या मूळपुरुषावरून सांगतात.

ओसरी

वाचतोय आणि शिकतोय. पण एक कळकळीचा प्रश्न. हा इतिहास वाचून उद्या लोक म्हणतील, चेक काय, आपलाच शब्द आहे, वापरा बिनधास्त. माझ्या घरात 'तपासून बघ', 'पडताळून बघ', 'खातरजमा कर', 'शहानिशा कर', 'पारखून घे', 'चाचपून बघ' हे सगळे वापरात होते. आज माझा नातू या सगळ्यांसाठी 'चेक कर' म्हणतो. कुलूप चेक कर, भाजीतलं मीठ चेक कर, ताप चेक कर. माझी आई भाजी चाखायची, कुलूप ओढून बघायची आणि कपाळाला हात लावायची.

सागरगोटा

ओसरी, तुमचा शेवटचा परिच्छेद मी बायकोला वाचून दाखवला.

तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. शब्द कुठून आला यावरून तो कुठे वापरावा हे ठरत नाही. बँकेतला चेक राहू दे, त्याला आपण 'वटणे' देऊन घरात घेतलंय. पण 'चेक करणे' हे क्रियापद सहा-सात मराठी क्रियापदांच्या जागा एकट्याने अडवून बसलंय. आणि त्या प्रत्येकात एक वेगळी कृती होती. चाखण्यात जीभ होती, चाचपण्यात बोटं, पारखण्यात डोळा. 'चेक'मध्ये यातलं काहीच उरत नाही. मी स्वतः घरात भाचीसमोर जपून बोलायचं ठरवलंय.

शब्दवेडी

ओसरीआजोबा, तुमच्या यादीतल्या 'शहानिशा'कडे बघून पाटीपेन्सिलला परत शहा आठवेल, म्हणून आधीच थांबवते. त्या शब्दाचा ओढा साक्षीपुराव्याकडे आहे, राजाकडे नाही.

आणि मराठी माणसाने हिंदीत 'शह' जपून वापरावा. मराठीत शह देणे म्हणजे विरोधकाला कोंडीत पकडणे. हिंदीत 'किसी को शह देना' म्हणजे त्याला फूस देणे, पाठीशी घालणे. एकच बातमी दोन भाषांत वाचली तर अर्थ बरोबर उलटा होतो. पटावर 'शह और मात' म्हणताना मात्र हिंदीतही आपलाच अर्थ.

राजा आणखी एका ठिकाणी बसलाय, ते सांगायचं राहिलं. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाहीतली 'शाही'. तिथून आपण हा प्रत्यय सुटा केला आणि हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही असे शब्द घडवले. त्याच प्रत्ययाने लोकशाहीही. लोकच शाह! हिंदीने 'लोकतंत्र' घेतलं, बंगालीने 'गणतंत्र'. आपल्या शब्दात राजा काढून टाकलेला नाही, त्याच्या जागी लोकांना बसवलंय. मला मराठीचा हा शब्द या तिन्हींत सर्वांत धीट वाटतो.

उंटतिरका

शब्दवेडी, 'लोकच शाह' फार आवडलं.

खेळाबद्दल थोडं. जागतिक संघटनेच्या नियमांत शह तोंडाने सांगणं आता बंधनकारक नाही. मोठ्या स्पर्धेत कुणी बोलत नाही, शांतता असते. समोरच्याने स्वतः बघायचं. म्हणजे ज्या हाकेवरून हे सगळे शब्द जन्मले, ती हाकच पटावरून गेली. नवशिक्या मुलांकडून मात्र मी ती मुद्दाम म्हणवून घेतो, आणि मराठीत. आमच्या सांगलीकडे भाऊसाहेब पडसलगीकरांनी कित्येक पिढ्यांना हा खेळ शिकवला, तिथे शह आणि काटशह हेच शब्द कानावर पडले. २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून वर्गात मुली वाढल्या आहेत. पहिल्या दिवशी सगळ्या 'चेक' म्हणत येतात. महिन्याभरात 'शह' म्हणायला लागतात, कारण तो छोटा आणि ठसठशीत आहे, मोहरं ठेवताना एका श्वासात निघतो.

सागरगोटा

आज भाचीला सगळं सांगितलं. टेबल, काठ्या, जळालेलं पार्लमेंट. चेकबुक मागून घेतलं, काउंटरफॉइल फाडून दोन तुकडे जुळवून बघितले. मग म्हणाली, "राजा कळला. वजीर कुठल्या शब्दात आहे? आणि हत्ती?" उंटतिरका सर, हे तुमच्याकडे.

उंटतिरका

वजिराला फारसीत 'फर्जीन' म्हणत, म्हणजे सल्लागार. रहीमच्या दोह्यात 'प्यादे सों फरजी भयो, टेढ़ो टेढ़ो जाय' आहे, तो हाच. मध्ययुगीन इंग्रजीत त्याला 'फर्स' म्हणत, मग त्या जागी राणी आली आणि तो शब्द लोपला. रशियन लोक अजून 'फेर्झ' म्हणतात.

हत्तीची गंमत भाचीला पटावरच दाखवा. कोपऱ्यातल्या मोहऱ्याला फारसीत 'रुख' म्हणत, आणि इंग्रजीत तोच शब्द आजही तसाच आहे: रूक. आपण मात्र त्या घरात हत्ती बसवला. तिच्या क्लासमध्ये ती रूक म्हणत असेल तर म्हणू दे. शाहाबरोबर निघालेला तो दुसरा फारसी शब्द आहे, आणि त्याच वाटेने गेलाय.